शुक्रवारची सुरमई

ख्रिस्ती धर्मवर्षात ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधी येणाऱ्या चाळीस दिवसांच्या तपश्चर्येला उपवासकाळ म्हणतात, आणि या चाळीस दिवसांविषयी पहिली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ते मोजून सेहेचाळीस भरतात. राखेच्या बुधवारी सुरू होणारा हा काळ ईस्टरच्या आदल्या शनिवारी संपतो. परंतु प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा स्मरणदिन असल्यामुळे त्या दिवशी उपवास धरू नये असा प्राचीन संकेत आहे, आणि मधले सहा रविवार वजा केले की येशूने अरण्यात निराहार काढलेल्या चाळीस दिवसांशी नेमका मेळ बसतो. धर्मपंडितांनी ही वजाबाकी भक्तीपोटी केली यात शंका नाही. तथापि वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या कॅथलिक घरांतून तिचा अभ्यास वेगळ्याच निष्ठेने होतो, कारण ज्या गृहस्थाने उपवासकाळापुरती दारू सोडल्याचे जाहीर केलेले असते, आणि ज्याला एरवी दूधवाल्याचा महिन्याचा हिशेबही पत्नीला विचारावा लागतो, त्याला रविवारची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, आटोपून चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता हे गणित तोंडपाठ म्हणता येते.

कायदा पाहू गेल्यास तो फारसा जाचक नाही. कॅथलिक धर्मसभेची १९८३ सालची कायदेसंहिता, म्हणजे जगभरच्या लॅटिन परंपरेतील कॅथलिकांना लागू असलेल्या धर्मनियमांचा अधिकृत संग्रह, सक्तीचे उपवास फक्त दोनच सांगते, एक राखेच्या बुधवारी आणि दुसरा येशूच्या क्रूसमरणाच्या शुक्रवारी, ज्याला सारे जण गुड फ्रायडे म्हणतात. उपवास याचा अर्थही निराहार असा नाही. प्रचलित व्याख्येनुसार त्या दिवशी एकच पूर्ण जेवण घ्यावे, आणि सकाळ-संध्याकाळ थोडे काही खाल्लेच तर ते दोन्ही मिळून त्या पूर्ण जेवणाएवढे होऊ नये. हा नियम ज्याने घडवला त्याच्या डोळ्यांसमोर अर्थातच लहान पूर्ण जेवण असावे. पण नियमाच्या शब्दांत तसे काही म्हटलेले नाही, आणि दुपारचे जेवण जितके भरगच्च करावे तितकी सकाळ-संध्याकाळची कायदेशीर मर्यादा आपोआप रुंदावते, हा शोध लावण्यासाठी रोमला जाऊन धर्मशास्त्राची पदवी घ्यावी लागत नाही; तो प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील श्रद्धावंतांच्या समूहात, दर पिढीला स्वतंत्रपणे लागत आलेला आहे.

वयाची अटही मनोरंजक आहे. उपवास अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो आणि साठाव्या वर्षात पाऊल पडताच सुटतो; मांस वर्ज्य करण्याचा नियम मात्र चौदाव्या वर्षानंतर लागतो आणि मग जन्मभर सुटत नाही. प्रत्यक्षात घरोघरी दिसणारे दृश्य याच्या बरोबर उलट असते. सत्तरी ओलांडलेली आजी, जिला साखरेच्या आजारासाठी वेळेवर खाणे डॉक्टरांनी सक्तीचे केले आहे आणि धर्मानेही मुक्त केले आहे, ती चाळीस दिवस एक वेळ जेवण्याचा हट्ट सोडत नाही; आणि तिचा पंचविशीतला धडधाकट नातू, ज्याच्यासाठीच हा सगळा कायदा लिहिलेला आहे, तो राखेच्या बुधवारी सकाळपासून अशक्तपणाच्या लक्षणांचा शोध घेत असतो. ज्या घरात तेरा वर्षांचे मूल आहे तेथे तर शुक्रवारी त्या मुलासमोर कोंबडीचे ताट येते, आणि उरलेले कुटुंब त्याच्या जन्मतारखेकडे हेव्याने पाहते.

राखेच्या बुधवारची राख मागील वर्षीच्या झावळ्यांची असते. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ज्याला झावळ्यांचा रविवार म्हणतात, चर्चमध्ये आशीर्वादित झालेल्या झावळ्या घरी नेऊन, त्यांचे क्रूस विणून, देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे खोचून ठेवण्याची रीत आहे, आणि वर्षभर कोळ्यांच्या जाळ्यांना आधार दिल्यानंतर त्या परत चर्चमध्ये जाऊन जाळल्या जातात. या दिवशीच्या मिस्सामध्ये जो शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूचरित्राचा, भाग वाचला जातो तो मत्तयच्या सहाव्या अध्यायातला असतो, आणि त्याचा आशय असा की उपवास करताना तोंड पाडून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, चेहरा स्वच्छ धुवा, म्हणजे तुमचा उपवास लोकांच्या ध्यानात येणार नाही. हे वाचन संपते, त्यावर प्रवचन होते, आणि लगेच सारी सभा रांगेने पुढे जाऊन कपाळावर, जेथे तो आल्यागेल्या सर्वांच्या ध्यानात येईल अशा ठिकाणी, राखेचा क्रूस लावून घेते. या विसंगतीवर विद्वानांनी पुष्कळ समर्पक विवेचन केलेले आहे, आणि मर्त्यपणाचे ते जाहीर स्मरण आहे हेही खरे. पण सकाळच्या मिस्सानंतर वसई रोडहून चर्चगेटकडे निघालेल्या उपासकाला ते विवेचन डब्यात वापरता येत नाही. नायगाव येण्याच्या आत समोरचा सज्जन प्रवासी पुढे वाकून हळूच म्हणतो, "अहो, कपाळाला काहीतरी काळं लागलंय," आणि वर स्वतःचा रुमालही पुढे करतो. यावर काही जण बोरिवलीपर्यंत पुरेल एवढे धर्मशास्त्र सांगतात. काही जण मात्र "हो का?" म्हणून रुमाल घेतात आणि कपाळ पुसून टाकतात, आणि सूक्ष्म विचार केला असता मत्तयच्या सहाव्या अध्यायाचे तंतोतंत पालन त्यांच्याच हातून घडते.

२०१८ आणि २०२४ या दोन्ही वर्षी राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला, म्हणजे व्हॅलेंटाइन दिनी आला होता. ज्यांनी त्या दिवशी आपल्या प्रियजनांना हॉटेलात जेवायला नेण्याचे आधीच ठरवले होते, त्यांना एका मेजावर शाकाहारी, एकाच वेळचे आणि शक्यतो खिन्न दिसणार नाही असे प्रेम व्यक्त करावे लागले.

उपवास लपवण्याचा आदेश पाळणे अलीकडे आणखी अवघड झाले आहे. उपवासकाळात मांसाव्यतिरिक्त आणखी काही सोडावे, असा संकेत पूर्वीपासून होता. कोणी विडी सोडी, कोणी चहा, कोणी शेजारणीशी भांडण. आता कोणी चॉकलेट सोडतो, कोणी मालिका, आणि ज्यांची आत्मिक महत्त्वाकांक्षा मोठी असते ते मोबाइल सोडतात. हा शेवटचा त्याग करण्यापूर्वी तो सर्व संबंधितांना कळवणे शिष्टाचाराला धरून होत असल्यामुळे 'चाळीस दिवस व्हॉट्सअ‍ॅपपासून दूर' असे स्टेटस व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवले जाते, आणि ते किती जणांनी पाहिले हे तपासण्यासाठी पहिल्या आठवड्यात दिवसातून चारपाच वेळा मोबाइल उघडावा लागतो. वजन कमी करण्यासाठी साखर आणि तळलेले पदार्थ सोडणाऱ्यांचा वर्ग निराळा. त्यांच्या बाबतीत आत्म्याला आणि कंबरेला एकाच खर्चात लाभ होतो, आणि ईस्टरच्या सकाळी त्यांना प्रभूच्या पुनरुत्थानाइतकाच आनंद काट्यावरच्या आकड्याचाही होतो.

मराठी मुलखात उपवासाची गोष्ट निघाली की पाठोपाठ 'काय चालतं?' हा प्रश्न येतोच. हिंदू उपवासाची सारी रचना पदार्थांच्या निवडीवर उभी आहे. वरी, साबुदाणा, रताळे, बटाटा, शेंगदाणा हे चालते, धान्य चालत नाही, आणि चालणारे पदार्थ किती खावेत यावर कोणीही बंधन घातलेले नाही, म्हणून तर 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण झाली. कॅथलिक उपवासाची रचना याउलट संख्येवर आणि प्रमाणावर आहे. धान्य चालते, मांस चालत नाही, आणि जे चालते तेही दुसऱ्यांदा चालत नाही. या दोन शास्त्रांची गाठ कचेरीतील जेवणाच्या सुट्टीत पडते तेव्हा साधारणतः असा संवाद घडतो.

"आज उपास ना तुमचा? मग डब्यात वरणभात कसा?"

"भात चालतो आमच्यात."

"आणि साबुदाणा?"

"तोही चालतो."

"मग चालत नाही ते काय?"

"परत वाढून घेणं."

यावर विचारणारा काही क्षण गप्प होतो, कारण इतका कडक उपवास त्याच्या ऐकिवात नसतो. दोघांनाही ठाऊक नसलेली गंमत अशी की शेजारच्या डब्यातील त्या साबुदाण्याच्या खिचडीचा इतिहास बराचसा कॅथलिक आहे. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून भारतात साबुदाणा तयार होतो तो टॅपिओका ही सारी मूळची अमेरिका खंडातली पिके होत, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती उतरली ती मुख्यत्वे पोर्तुगीजांच्या दर्यावर्दी व्यापारामुळे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत याच पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकून घेतला आणि परक्यांना घालवून दिले, पण त्यांच्या जहाजांतून आलेला बटाटा पुढे खुद्द एकादशीच्या ताटात जाऊन बसला, आणि त्याला तेथून उठवण्याची मोहीम अद्याप कोणी काढलेली नाही.

उपवासकाळाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य असते आणि मासळी मात्र चालते, या एका तरतुदीवर किनारपट्टीतील कॅथलिक जीवनाचा पुष्कळसा डोलारा उभा आहे. तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात याची कारणमीमांसा केली आहे. जमिनीवरील पशू आणि पक्षी यांचे मांस माणसाला अधिक रुचते, अधिक पोसते आणि म्हणून वासनांना अधिक चेतवते, मासळीने तसे होत नाही, असा तिचा साधारण आशय आहे. अक्वायनस यांचे आयुष्य मुख्यतः इटली आणि फ्रान्समध्ये गेले. अर्नाळ्याच्या बंदरात त्यांचे येणे झाले असते, आणि तेथे कोणी त्यांना बाटली मसाला चोळून तव्यावर खरपूस केलेली सुरमईची तुकडी वाढली असती, तर या प्रकरणाचा फेरविचार झाला असता असे मानण्यास जागा आहे.

मासळी चालते असे एकदा ठरल्यावर मासळी म्हणजे काय हा प्रश्न उरतो, आणि त्यावर युरोपातील भाविकांनी जी प्रतिभा खर्च केली ती अन्य कोणत्याही सत्कार्यावर केली असती तर भूक हा विषय केव्हाच निकालात निघाला असता. बाराव्या शतकात वेल्सचा जेराल्ड नावाचा धर्मोपदेशक आयर्लंडविषयी लिहिताना नोंदवतो की त्या देशाच्या काही भागांत बिशप आणि धर्मपुरुष उपवासाच्या दिवसांत एका जातीचे रानहंस निःशंकपणे खातात, कारण ते पक्षी अंड्यातून जन्मत नसून समुद्रात तरंगणाऱ्या लाकडांवर उगवतात आणि त्यामुळे ते मांस ठरत नाहीत, अशी त्यांची समजूत आहे. बंगालात आणि कोकणातही मासळीला पाण्यातली भाजी म्हणून सोवळ्यात घेण्याची थट्टा चालत आली आहे. पण पंख फडफडवत डोक्यावरून उडणाऱ्या हंसाला भाजीत जमा करण्याचे धैर्य आपल्याकडे कोणी दाखवलेले नाही, हे नम्रपणे मान्य करावे लागेल.

या तरतुदीचे प्रत्यक्ष रूप पाहायचे तर उपवासकाळातील शुक्रवारी सकाळी वसईच्या कोणत्याही मासळीबाजारात जावे. कोळिणीच्या पाटीत मांदेली, बोंबील आणि कोलंबी असते, शेजारच्या फळीवर बर्फाखाली पापलेट आणि सुरमई असते, आणि समोर उभ्या असलेल्या बाईच्या मनात आत्मक्लेशाचे पवित्र विचार असतात. ती मांदेलीकडे पाहते, कारण तपश्चर्येला मांदेली शोभते. नंतर सुरमईकडे पाहते, कारण आज जावई जेवायला आहे. भाव विचारला जातो, भावाचा निषेध होतो, "काल तर एवढा नव्हता" असे म्हटले जाते, आणि कोळीण, जी स्वतःही पहाटे क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा प्रसंगांची भक्ती, आटोपून आलेली असते, ती कोयत्याला धार लावता लावता म्हणते, "आज शुक्रवार आहे, बाय. स्वस्त पाहिजे तर कोंबडीवाल्याकडे जा, तिथं आज कोणी नाही." अखेर सुरमई घेतली जाते, कोलंबीही घेतली जाते, कारण नुसत्या सुरमईत कालवण होत नाही, आणि पोपांनी सांगितलेले मांसवर्जन कोंबडीच्या तिप्पट खर्चात यथासांग पार पडते.

याच किनाऱ्यावर गुड फ्रायडेला पेज आणि लोणच्यावर दिवस काढणारी घरेही आहेत, आणि शुक्रवारी सुकट व भाकरी यापलीकडे न जाणारी माणसे आहेत. पण त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नसते, कारण ती कशासाठीच सवलत मागत नाहीत. केरळच्या सिरियन परंपरेतील ख्रिस्ती कुटुंबे पन्नास दिवसांचे 'नोंब' पाळतात, त्यात मांसाबरोबर मासळी, अंडी, दूधही सोडणारे जुन्या वळणाचे लोक असतात, आणि मुंबईत एकाच इमारतीत राहणारा वसईकर शेजारी त्यांच्या दारावरून शुक्रवारी कोलंबीची पिशवी नेताना ती दुसऱ्या हातात घेतो.

सवलतींचा इतिहास मात्र लिहिण्यासारखा आहे. पूर्वी उपवासकाळात मांसाबरोबर लोणीही वर्ज्य असे, आणि फ्रान्समधील नॉर्मंडी हा प्रांत लोण्यासाठीच प्रसिद्ध असल्यामुळे तेथील भाविकांची मोठी कुचंबणा होई. त्यावर असा तोडगा निघाला की दानधर्म करणाऱ्याला लोणी खाण्याची परवानगी मिळावी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रूआँ येथील कॅथीड्रलचा एक भव्य मनोरा उभा राहू लागला, तो अशा दानांच्या पैशांतून, आणि आजही त्याला 'लोण्याचा मनोरा' असेच म्हणतात. आपल्याच पोळीवर तूप ओढून घेतल्याचे इतके उंच आणि कोरीव स्मारक जगात दुसरे क्वचितच असेल. पुढे सतराव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या चॉकलेटने, जे त्या वेळी पातळ करून पीत असत, आणखी मोठा पेच उभा केला. चॉकलेटने उपवास मोडतो काय या एका प्रश्नावर आंतोनियो दे लेओन पिनेलो याने १६३६ साली माद्रिदमध्ये अख्खा ग्रंथ छापला, आणि अखेर १६६४ साली कार्डिनल फ्रांचेस्को मारिया ब्रांकाच्चो यांनी रोममध्ये निबंध लिहून असा अभिप्राय दिला की द्रव पदार्थाने उपवास मोडत नाही, आणि चॉकलेट हा द्रव पदार्थ आहे. या निर्णयाचे युरोपात किती मनःपूर्वक स्वागत झाले असेल याची कल्पना ज्यांनी उपवासाच्या दिवशी ताकात बटाटा कुस्करून तो पिण्याचा पदार्थ ठरवला आहे त्यांना सहज करता येईल.

या साऱ्या विद्वत्तेच्या कितीतरी आधी, दुसऱ्या शतकात, रोममध्ये 'हर्मासचा मेंढपाळ' नावाचा एक ग्रंथ लिहिला गेला, आणि त्यात उपवासाची जी पद्धत सांगितली आहे ती वाचताना हिशेबनिसाला आनंद व्हावा. उपवासाच्या दिवशी केवळ भाकरी आणि पाणी घ्यावे, एरवी त्या दिवशी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी, आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी, इतकेच ते सांगणे आहे. म्हणजे उपवासात गणित आहेच, ते पहिल्यापासूनच होते. फरक एवढाच की हर्मासने ज्या खात्यावर बेरीज करायला सांगितली होती ते खाते सोडून पुढील अठराशे वर्षे रविवार वजा जाता किती दिवस उरतात, दोन लहान जेवणांची बेरीज किती होते आणि हंस कोणत्या रकान्यात मांडावा याच खात्यांवर बुद्धी खर्ची पडली. हर्मासची रीत वसईच्या शुक्रवारला लावून पाहिली तर निष्कर्ष विलक्षण निघतो. न खाल्लेल्या कोंबडीची किंमत जमेला धरावी आणि खाल्लेल्या सुरमईची व कोलंबीची खर्चाला, तर बाकी उणे येते. म्हणजे त्या दिवशी विधवेने आणि अनाथाने मिळून उपवास करणाऱ्यालाच काही रक्कम द्यायला हवी.

तरीही ते दुसरे खाते अगदीच कोरे नाही. कॅरिटास इंडिया ही भारतातील कॅथलिक बिशपांची समाजकार्य संस्था १९६२ साली स्थापन झाली, आणि तिच्यातर्फे दर उपवासकाळात भूक आणि रोगराई यांच्या निवारणासाठी देशभरातील चर्चमधून निधी जमवला जातो. त्यासाठी अनेक धर्मग्रामांत घरटी एक लिफाफा वाटतात; रोज थोडी बचत करून त्यात टाकावी, अशी अपेक्षा असते. हा लिफाफा पहिल्या दिवशी मोठ्या श्रद्धेने देव्हाऱ्याजवळ ठेवला जातो, दुसऱ्या आठवड्यात तो फ्रिजवर जातो, तिसऱ्या आठवड्यात त्याच्यावर विजेचे बिल येऊन बसते, आणि तो परत करण्याच्या आदल्या रात्री घरात त्याची शोधाशोध होऊन, बिलाखाली सापडल्यावर, साऱ्या काळाची बचत एका शंभराच्या नोटेच्या रूपाने एकदमच केली जाते. ज्या घरी आजी असते त्या घरचा लिफाफा मात्र जड असतो. त्यात नाणी असतात, आणि कोणत्या दिवशी चहात साखर घातली नव्हती आणि कोणत्या दिवशी रिक्षाऐवजी पायी आलो याचा हिशेब त्या नाण्यांवरून तिला सांगता येतो.

औदार्याविषयी बोलताना घरातला पैसा नेमका कोणाच्या ताटातून जातो हेही पाहिले पाहिजे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा उपवासकाळाशी तसा थेट संबंध नाही, टिळक पतिपत्नी ज्या प्रॉटेस्टंट परंपरेत होते तिच्यात या काळाचे प्रस्थही कॅथलिकांइतके नव्हते. पण मोकळ्या हाताच्या पुरुषाचा संसार बाईला कसा चालवावा लागतो हे १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मचरित्राइतके हसत हसत मराठीत दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक देत आणि लक्ष्मीबाई पुरवत. बहुतेक घरांतील औदार्याची श्रमविभागणी आजही अशीच आहे. लिफाफ्यावर नाव कुटुंबप्रमुखाचे असते, आणि त्यातील पैसे ज्या भाजीत घासाघीस करून वाचलेले असतात ती भाजी त्याने निवडलेलीही नसते. साधी राहणी अंगीकारण्याचा निश्चय घरातल्या कर्त्याने केला की स्वयंपाकघरातले काम सहसा वाढते, कारण साधे जेवण त्याला गरम लागते आणि मांसाच्या जागी तीन भाज्या लागतात.

गोव्याकडे पाहावे तर तेथे उपवासकाळाची तयारी आदल्या शनिवारपासूनच कार्निव्हलने होते, आणि किंग मोमो नावाचा राजा चार दिवस राज्य करून सर्वांना खाण्यापिण्याचा आणि मौजेचा हुकूम सोडतो. सोडायचे आहे ते आधी भरपूर हाती असले पाहिजे, हा त्यामागील तर्क नाकारता येत नाही. वसईत तो गाजावाजा नाही. तेथील धावपळ लग्नांची असते, कारण उपवासकाळात थाटामाटाची लग्ने लावण्याची पद्धत नसल्याने ज्यांना ईस्टरपर्यंत धीर धरवत नाही त्यांचे मांडव आधीच उठवावे लागतात. चर्चमधील वेदीवर या काळात फुले मांडत नाहीत, असाही नियम आहे, आणि मोगरा-चाफा पिकवणाऱ्या वसईच्या कॅथलिक बागायतदाराची फुले त्या दिवसांत नेहमीप्रमाणे दादरच्या बाजारात जाऊन दुसऱ्यांच्या देवांना वाहिली जातात. त्याचे उपवासकाळातील उत्पन्न त्यामुळे अबाधित राहते आणि कोणत्याही धर्माची त्याबद्दल तक्रार नाही.

उपवास आणि औदार्य यांचे जमत नाही तेव्हा काय करावे, याचा निकाल पाचव्या शतकातील जॉन कॅसियन या संन्यासी लेखकाने नोंदवून ठेवला आहे. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांकडे तो गेला असता नित्य उपवास करणाऱ्या त्या मंडळींनी पाहुणे आले म्हणून उपवास बाजूला ठेवला. कारण विचारल्यावर एका वृद्धाने असे समजावले की उपवास तर नेहमीच सोबत असतो, पाहुणे मात्र निघून जातील. हा निकाल फारसा उद्धृत होत नाही, पण त्याचा वापर उपवासकाळात दर आठवड्याला होत असतो. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेली संत विन्सेंट द पॉल सोसायटी आज भारतातील असंख्य धर्मग्रामांत काम करते, आणि गरजू कुटुंबांच्या घरी प्रत्यक्ष जाऊन त्यांची विचारपूस करणे हा तिच्या सभासदांचा मुख्य नेम आहे. दोन सभासद धान्याची पिशवी घेऊन एखाद्या एकट्या राहणाऱ्या वृद्ध विधवेकडे, म्हणजे हर्मासच्या यादीतील पहिल्याच व्यक्तीकडे, जातात. ती पिशवी कोपऱ्यात ठेवून घेते, "एवढ्या उन्हाचे आलात," असे म्हणून त्यांना खाटेवर बसवते, शेजारच्या पोराला दुकानात पिटाळते, आणि थोड्याच वेळात पितळी तबकात चहाचे दोन कप आणि उधारीवर आणलेली क्रीमची बिस्किटे पुढे येतात. तबकाच्या कडेला तिचा स्वतःचा भरलेला लिफाफाही असतो, तो सभासदांनीच चर्चमध्ये पोचता करायचा असतो.

"आज उपास आहे हो आमचा," असे त्यांपैकी धाकटा सांगून पाहतो.

"मग चहाला काय होतंय? चहा घ्या."

कार्डिनल ब्रांकाच्चो यांच्या १६६४ च्या अभिप्रायानुसार चहा निर्वेध ठरतो आणि दोघेही तो घेतात. बिस्किटांचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण ती द्रव नाहीत. थोरला सभासद, जो गेली अनेक वर्षे या फेऱ्या करतो आहे, आपल्या वाट्याची दोन बिस्किटे एकेक करून चहात पूर्ण बुडवतो, ती विरघळून कपाच्या तळाशी जाईपर्यंत म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी करतो, आणि मग सगळे एका घोटात पिऊन कप खाली ठेवतो.